आवाज बसलाय की बिघडलाय, कानानं ओळखायचं कसं

आवाज बसला की आपल्याकडं सल्ला द्यायला घरातली आजी असते, गाण्याच्या क्लासच्या बाई असतात आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तर असतोच. स्पीच थेरपिस्टकडं माणूस पोचतो तोवर दोन-तीन महिने सहज गेलेले असतात. मी सांगली-मिरजेत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आणि लहानपणापासून पेटीवर गाणंही शिकलेय, त्यामुळं दोन्हीकडचे कान जवळून माहितीयत. दोघं एकच आवाज ऐकतात पण ऐकताना शोधतात वेगवेगळं, आणि भांडणं होतात ती तिथंच. क्लासच्या बाई म्हणणार रियाज कमी पडतोय, थेरपिस्ट म्हणणार आधी रियाज बंद करा. तर हे लिहितेय ते क्लास घेणाऱ्यांसाठी, शाळेतल्या शिक्षकांसाठी आणि ज्यांच्या घरात कुणाचा तरी आवाज महिनाभर घोगरा आहे त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. कानाला आवाज कसा आहे तेवढंच कळतं, का तसा आहे ते कळत नाही. स्वरतंतूवर बारीक गाठी आल्या, फोड आला, नुसती सूज आली किंवा अगदी सुरुवातीचा कॅन्सर असला, तरी बाहेर ऐकू येणारा घोगरेपणा सारखाच असू शकतो. पंचवीस वर्षं आवाज ऐकणाऱ्या माणसालाही नुसतं ऐकून छातीठोक सांगता येत नाही आणि जो सांगतो त्याच्यापासून लांब राहा. बघायलाच लागतं. गंमत म्हणजे ही बघायची सोय वैद्यकाला मिळाली ती एका गाण्याच्या मास्तरामुळं. मॅन्युएल गार्सिया म्हणून लंडनमध्ये गाणं शिकवायचा, त्यानं आरसे आणि सूर्याचा उजेड वापरून गाताना स्वतःचं स्वरयंत्र बघितलं आणि 1855 साली तिथल्या रॉयल सोसायटीपुढं ते मांडलं. आता ईएनटी डॉक्टर नाकातून नाहीतर तोंडातून कॅमेरा घालून तेच बघतात, पाच-दहा मिनिटांत होतं, घाबरण्यासारखं काही नसतं.

आता गाण्याच्या बाई काय ऐकतात ते बघू. चांगली शिकवणारी बाई बोलण्यापेक्षा सुरावर कान ठेवते. सा कुठल्या पट्टीत लागतो, खर्जात किती खाली जातो, तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, गेल्यावर आवाज पातळ होतो का फाटतो, दमसास किती, आ-कार, म्हणजे नुसता आ, लावताना सूर एकदम लागतो का आधी हवा आणि मग सूर. यातली शेवटची गोष्ट लाखमोलाची आहे. स्वरतंतूच्या कडेला बारीक सूज किंवा गाठी असल्या की मोठ्यानं गाताना त्या झाकल्या जातात, जोर लावला की आवाज निघतोच. पण उंच सूर अगदी हळू, बाळ झोपलंय अशा बेतानं लावायला सांगितला की गोम बाहेर येते. आधी नुसती हवा फुसकन येते, सूर उशिरा धरतो किंवा मध्येच तुटतो.

हे करायला सोपं आहे. शिष्याच्या नेहमीच्या पट्टीत मध्य सा पासून सुरू करा, सरगम एकेक सूर वर चढवत जा, प्रत्येक सूर तोंडातल्या तोंडात म्हटल्यासारखा बारीक पण स्पष्ट. दोन-तीन महिन्यांपूर्वी हाच माणूस तार ग पर्यंत हळू आवाजात जात होता आणि आता पंचमालाच अडखळतोय, तर ती बातमी आहे. एक दिवस असं झालं तर सोडून द्या, सर्दी असेल, रात्रीचं जागरण असेल, पाळीच्या आधी काही जणींचा आवाज जरा जड होतो. दोन आठवडे सलग तसंच असेल तर मात्र रियाज वाढवू नका. आमच्याकडं जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या, भजनी मंडळात गायच्या, त्यांना पाठवलं होतं त्यांच्या क्लासच्या बाईंनीच, आणि चिठ्ठीत एवढंच लिहिलेलं की वरचे सूर हळू लागत नाहीत, आधी हवा येते, बोलताना मला काही वेगळं वाटत नाही. त्याच्यापेक्षा चांगली रेफरल चिठ्ठी मी कुठल्या डॉक्टरची बघितलेली नाही. कॅमेऱ्यात दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी दिसल्या, शिक्षकांत आणि गायकांत जास्त दिसतात त्याच.

पण गाण्याच्या कानाची एक अडचण आहे. त्या कानात एक आदर्श आवाज बसलेला असतो आणि आपल्या भागात तर तो आदर्श फारच ठाम आहे. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, मिरासाहेब दर्ग्यात त्यांच्या आठवणीत अजून उरुसाला गाणं होतं, तो त्यांच्या किराणा घराण्याचा बारीक, गोड, टोकदार लगाव, म्हणजे सूर लावायची पद्धत, ऐकत ऐकत इथले कान तयार झालेत. असा कान घेऊन एखाद्या पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराचा नाहीतर गोंधळ्याचा आवाज ऐकला की पहिली प्रतिक्रिया येते, अरे याचा घसा खराब आहे. खराब नसतो हो. तो खरखरीत लगाव त्यानं कमावलेला असतो, सकाळी संध्याकाळी सारखाच असतो, तीन तास गाऊनही तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी परत लागतो. बिघडलेला आवाज असा भरवशाचा नसतो. म्हणून पहिला प्रश्न आवाज गोड आहे का हा ठेवूच नका. हा आवाज या माणसाचा नेहमीचा आहे का आणि दिवसभर टिकतो का, हे विचारा.

थेरपिस्टचा कानही धुतल्या तांदळासारखा नसतोच. आम्हाला दिवसभर बिघडलेलेच आवाज ऐकायची सवय, त्यामुळं थोडासा घोगरा आवाज आम्हाला ठीकच वाटायला लागतो. म्हणून आम्ही मोजपट्टी वापरतो. जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी म्हणजे ग्रबास (GRBAS), जपानमध्ये तयार झाली आणि 1981 सालच्या हिरानो यांच्या पुस्तकानंतर सगळीकडं गेली. पाच गोष्टी ऐकायच्या, प्रत्येकीला 0 ते 3 मार्क, 0 म्हणजे काही नाही आणि 3 म्हणजे फार. जी म्हणजे एकूण आवाज किती बिघडलाय. आर म्हणजे खरखर, स्वरतंतू एका लयीत न थरथरता वेडेवाकडे थरथरले की येते ती. बी म्हणजे हवा, बोलताना सूर कमी आणि फुस्स जास्त. ए म्हणजे आवाजात जीवच नसणं, अशक्त. एस म्हणजे ताण, गळा आवळून बोलल्यासारखं. दुसरी एक पद्धत आहे केप-व्ही (CAPE-V), 2002 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवली, त्यात मार्कांऐवजी 100 मिलिमीटरच्या रेघेवर खूण करायची असते आणि पट्टी, आवाज किती मोठा हेही बघायचं असतं. सुरुवात करणाऱ्यानं ग्रबासच घ्यावी, लक्षात राहते.

मार्क देताना लोक घाई करतात. एकदा ऐकून पाचही मार्क द्यायला जाऊ नका. रेकॉर्डिंग करा, पहिल्यांदा ऐकून फक्त जी द्या. मग परत लावा आणि फक्त खरखर ऐका. मग परत लावा आणि फक्त हवा. खरखर आणि हवा एकात एक मिसळलेल्या असतात आणि नवख्या कानाला सगळं घोगरंच वाटतं, वेगळं करायची युक्ती अशी की वाक्याच्या शेवटाकडं लक्ष द्या, दम संपत आल्यावर आवाज चरचरतो का विरून जातो ते ऐका. ताण ओळखायचा तर कानाबरोबर डोळेही उघडे ठेवा, मानेच्या शिरा फुगतात का, हनुवटी पुढं येते का, श्वास घेताना खांदे वर जातात का. आणि तपासणीचा रिपोर्ट आधी वाचू नका. गाठ आहे असं वाचलं की कानाला आपोआप जास्त घोगरं ऐकू येतं, कितीही अनुभव असला तरी.

आपल्याच कानाची परीक्षा घ्यायची असेल तर आठ-दहा रेकॉर्डिंग घ्या, त्यातली दोन मुद्दाम परत टाका, नावं झाकून सरमिसळ करा आणि मार्क द्या. एकाच रेकॉर्डिंगला एकदा 1 आणि एकदा 3 देत असाल तर कान अजून तयार नाही. क्लासच्या दोन बायका आणि एक थेरपिस्ट मिळून हे केलं तर फार मजा येते, वादही होतात, व्हायलाच पाहिजेत.

काय बोलायला लावायचं? आधी आ आणि ई, तीन ते पाच सेकंद, साध्या बोलण्याच्या आवाजात, गाऊन नाही. गायकांना हे जमत नाही, आ म्हणा म्हटलं की लगेच सा लावून बसतात आणि गाण्याचा लगाव लागला की बिघाड लपतो, म्हणून त्यांना आधी एक ते दहा आकडे म्हणायला लावायचे आणि त्याच आवाजात आ धरायला सांगायचा. मग वाक्यं. केप-व्हीमध्ये सहा ठरलेली वाक्यं आहेत, इंग्रजीत. त्याच तत्त्वावर मी मराठीत जुळवलेली आहेत, ही काही प्रमाणित चाचणी नव्हे पण काम भागतं. "बाळ गोड गोड बोलू लागलं" यात सगळी घोष अक्षरं, म्हणजे स्वरतंतूंना मध्ये सुट्टीच नाही, इथं आवाज झटके देत अडकत असेल तर ऐकून ठेवा. "पोपट पटापट पपई खातो" यात उलट, आवाज सारखा बंद-चालू होतो. "आई आली आणि आजी उठली" यात प्रत्येक शब्द स्वरानं सुरू होतो, गळ्यावर धक्का देऊन बोलायची सवय असली की इथं टक टक ऐकू येतं. "हळूहळू हात हलव" यात तोच माणूस मऊ सुरुवात करू शकतो का ते कळतं. आणि शेवटी दोन मिनिटं गप्पा, काल काय केलं, जेवण काय, कारण वाचताना माणूस सावध असतो आणि खरा आवाज गप्पांतच निघतो.

घड्याळ लावून करायच्या दोन चाचण्या आहेत. मोठा श्वास घेऊन आ जितका वेळ धरता येईल तितका धरायचा, तीनदा, सगळ्यात जास्त वेळ लिहायचा. धडधाकट मोठ्या माणसाला साधारण 15 ते 25 सेकंद जमतं, 10 च्या खाली असेल तर हवा गळत असेल नाहीतर दमच कमी असेल. दुसरी, स्स्स जितका वेळ धरता येईल तितका, मग झ्झ्झ तितकाच लांब, भुंगा घोंगावतो तसा. आपल्याकडं लोक झ म्हणायला सांगितला की झऽऽ करत अ वर जातात, मग चाचणी फुकट, आधी करून दाखवायचं. स च्या सेकंदांना झ च्या सेकंदांनी भागायचं. नीट आवाजात दोन्ही जवळपास सारखे येतात. 1.4 च्या वर गेलं तर अर्थ असा की फुप्फुसात हवा आहे, कारण स्स्स लांब जातोय, पण स्वरतंतू चालू झाले की हवा वाया जातेय.

हळदीच्या सौद्यात बोली पुकारणारे एक काका आले होते. "म्याडम, सकाळी असतोय की आवाज, दुपारनं जातोय." बोलताना गळ्याची शीर दोरीसारखी वर, वाक्य अर्ध्यात आलं की श्वास न घेताच पुढचं रेटायचे. जी 2, आर 2, बी 1, ए 0, एस 2. स 16 सेकंद, झ 8, म्हणजे 2 आलं. आणि महत्त्वाचं काय तर सकाळी सुद्धा आवाज आहे असं त्यांनाच वाटत होतं, मी सकाळी बोलवून रेकॉर्ड केलं तर जी 2 च्या खाली आला नाही, फक्त ताण थोडा कमी. त्यांना तो आवाज इतका सवयीचा झाला होता की चांगला कुठला आणि वाईट कुठला हेच विसरले होते. ईएनटीनं बघितल्यावर एका बाजूच्या स्वरतंतूवर पॉलिप, म्हणजे फोडासारखी मऊ वाढ, निघाला. असल्या वेळी थेरपी आणि ऑपरेशन यांचं काय कसं ते डॉक्टरनं आणि थेरपिस्टनं मिळून ठरवायचं असतं, मी एकटी ठरवत नाही. पुकारायची पद्धत मात्र बदलावीच लागते, नाहीतर ऑपरेशन करूनही परत तेच.

पट्टीचं थोडं सांगते कारण इथं पेटीवाल्यांचा कान आमच्या मशीनला भारी पडतो. बायकांचा बोलण्याचा आवाज साधारण 180 ते 220 हर्ट्झ, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरली, काळी चार, तर तिच्या मध्य सा च्या आसपास. पुरुषांचा 100 ते 130, काळी एकचा सा धरला तर मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमापासून निषादापर्यंत. समोरचा बोलत असताना त्याच्या अं, हं याला पेटीवर सूर जुळवून बघा, लगेच कळतं. दाढी-मिशा फुटलेल्या मुलाचा आवाज अजून आईच्या पट्टीत असेल तर त्याला चिडवू नका आणि वय झालं की होईल म्हणून बसूही नका, तपासणी नॉर्मल आली तर थेरपीनं बहुतेक वेळा पटकन सुटतं. सिगारेट ओढणाऱ्या बाईचा आवाज हळूहळू पुरुषी पट्टीत उतरला असेल तर स्वरतंतूंना सूज असू शकते. म्हाताऱ्या माणसाचा आवाज बारीक, एकसुरी झाला, घरचे सारखे काय म्हणालात विचारतात, चालही मंदावलीय, तर घसा सोडून मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, पार्किन्सनमध्ये असं होतं.

मोबाईलवर रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, खिडकी बंद, तोंडापासून मोबाईल वीतभर लांब, जरा बाजूला. ब्लूटूथचा हेडफोन नको. व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, त्यात आवाज दाबला जातो आणि हवेची फुसफूस कमी ऐकू येते, रेकॉर्डरच्या ॲपमध्ये करून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मोबाईल आवाज आपोआप कमी-जास्त करतो, त्यामुळं माणूस हळू बोलतोय का मोठ्यानं हे रेकॉर्डिंगवरून ठरवायचं नाही. कॉम्प्युटर असेल तर प्राट नावाचं ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, पट्टी वगैरे दिसते त्यात, पण आकडे बघून घाबरू नका, खराब रेकॉर्डिंगला खराबच आकडे येतात.

आणि माणसाला स्वतःला काय वाटतं ते विचाराच. यासाठी दहा प्रश्नांचा एक छोटा फॉर्म असतो, 0 ते 40 मार्कांचा. जी 1 असलेली शिक्षिका 25 मार्क सांगते आणि रडते, जी 3 असलेला शेतकरी 4 सांगतो आणि म्हणतो मला काय गाणं म्हणायचंय का. दोघंही खरंच सांगत असतात.

आता थांबायचं कुठं. तीन-चार आठवड्यांच्या वर आवाज घोगरा असेल तर कॅमेऱ्यानं बघून घ्यायचंच, क्लासही नको आणि आवाजाचे व्यायामही नकोत तोपर्यंत. तंबाखू, मिश्री, विडी असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त असेल, मानेत गाठ लागत असेल, थायरॉइडचं नाहीतर छातीचं ऑपरेशन झाल्यावर आवाज गेला असेल, पाणी पिताना ठसका लागत असेल, तर तीन आठवडेसुद्धा थांबू नका. श्वास घेताना घर्र आवाज येऊन दम लागत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध खुशाल घ्या, पण गुळणीचं पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही आणि गिळलेलं अन्ननलिकेत जातं, घशाला बरं वाटतं एवढंच, त्याच्या भरवशावर महिने काढू नका.

क्लासवाल्यांनी चिठ्ठी लिहिताना रोगाचं नाव लिहायचं नाही. काय ऐकलं, कधीपासून, कुठल्या सुराला, सकाळी का संध्याकाळी, आधीचं रेकॉर्डिंग असेल तर ते सोबत. थेरपिस्ट निवडताना आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी आहे का ते विचारा, विचारल्यावर कुणी रागावत नाही. आणि थेरपी संपल्यावर क्लास परत सुरू करताना पट्टी गरज पडली तर अर्ध्या सुरानं खाली घ्या, मध्य सप्तकातच राहा, दहा-पंधरा मिनिटं बास, मग त्या रात्री तीच वाक्यं परत रेकॉर्ड करा आणि आठवड्यानं पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगबरोबर नाव झाकून तुमच्या थेरपिस्टला ऐकवा.